60,000ची पुडी आणि पायातली गुठळी

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘ड जीवनसत्त्व कमी झालं की रक्तात गुठळ्या होतात. दर आठवड्याला 60,000 युनिटची पुडी कायम घ्या, सकाळचं कोवळं ऊन खा, रक्त पातळ करणारी गोळी सुटेल.’

पहिलं वाक्य अगदीच हवेतलं नाही, म्हणून तर ते खपतं. कोपनहेगनच्या 2013च्या एका मोठ्या अभ्यासात ‘ड’ कमी असलेल्यांमध्ये शिरांतल्या गुठळ्या जास्त आढळल्या. नॉर्वेतल्या ट्रोम्सोच्या अभ्यासात मात्र असा संबंध दिसला नाही. मुळात अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ऊन मिळत नाही आणि त्याचे पायही हलत नाहीत. त्याचं ‘ड’ घटतं, गुठळीची भीतीही वाढते. वजन फार असलं तरी दोन्ही गोष्टी जोडीनेच येतात. मग एकीमुळे दुसरी झाली, हे कशावरून?

खरी परीक्षा औषध देऊन होते. अमेरिकेत पाळी थांबलेल्या 36,282 बायकांच्या चाचणीत निम्म्या जणींना रोज कॅल्शियम आणि 400 युनिट ‘ड’ दिलं, बाकीच्यांना नुसत्या दिसायला तशाच, पण औषध नसलेल्या गोळ्या. एकूण गुठळ्या काही कमी झाल्या नाहीत. उघड कारण नसलेल्या गुठळ्या तेवढ्या थोड्या कमी दिसल्या, पण तेवढ्या भांडवलावर गोळी सोडायची?

आता पुडी. 60,000 भागिले 7, म्हणजे दिवसाला साधारण 8,500 युनिट. मोठ्या माणसांसाठी रोजची सर्वसाधारण वरची मर्यादा 4,000 मानतात. कमतरता भरून काढायला डॉक्टर ही पुडी देतात, पण ठरावीक आठवडे. ‘ड’ चरबीत साठतं, जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम चढतं: सारखी तहान, मळमळ, बद्धकोष्ठता, मूतखडे.

कोवळ्या उन्हाचं तर विचारूच नका. सूर्य खाली असताना ‘ड’ बनवणारे किरण वातावरणातच बहुतेक अडतात. सकाळी सातला उपवन तलावाला फेऱ्या जरूर मारा, पोटरीचे स्नायू आवळले की शिरांतलं रक्त वर ढकललं जातं. पण ‘ड’साठी ती वेळ नव्हे. आणि काचा लावून बंद केलेल्या बाल्कनीत भर दुपारी बसलात तरी उपयोग नाही, ते किरण काचेतून आत येत नाहीत.

शेवटचा सल्ला जिवावर बेतणारा आहे. वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉम या रक्त पातळ करणाऱ्या जुन्या गोळ्या ‘के’ जीवनसत्त्वाचं काम अडवतात, ‘ड’चं नव्हे. नव्या गोळ्या रक्त गोठवणारे घटक थेट अडवतात. पुडी यातलं एकही काम करत नाही. गुठळी झाल्यावर पहिले तीन महिने तरी गोळी सहसा चालूच ठेवतात, कारण याच काळात ती परत होण्याचा धोका मोठा असतो. पुढे कधी थांबवायची, ते डॉक्टर ठरवतील, ग्रुप ॲडमिन नव्हे.

एकच पाय सुजून दुखायला लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अचानक धाप लागली, छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त आलं, तर लगेच 108 लावा. रिक्षा शोधत बसू नका.