वेबसाइटचा हयातीचा दाखला

"तुमच्या साइटवर चोर बसलेत म्हणे," असं मला शनिवारी संध्याकाळी वाचनालयात, वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवती बसलेल्या अकरा माणसांसमोर सांगण्यात आलं. सांगणाऱ्या गृहस्थांनी मोबाइल हात लांब करून धरला होता, जणू त्यातून काही अंगावर सांडेल. स्क्रीनवर लाल खूण आणि खाली 'हल्लेखोर तुमची माहिती चोरत असू शकतात' अशा अर्थाचा मजकूर. अकराही जणांनी आधी स्क्रीनकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. वाचनालयाची साइट मी सांभाळतो. फुकट सांभाळतो. त्यामुळे हल्लेखोर कोण, हे उघडच होतं.

झालं होतं एवढंच, की साइटच्या एसएसएल सर्टिफिकेटची, म्हणजे साइट खरी आहे हे ब्राउझरला पटवणाऱ्या दाखल्याची, मुदत आदल्या रात्री संपली होती. लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा तत्त्वावर चालणारी सोय ९० दिवसांचं सर्टिफिकेट फुकट देते, आणि सर्व्हरवरचा सर्टबॉट नावाचा गडी मुदतीच्या महिनाभर आधी नवं आणून ठेवतो. कित्येक वर्षं तो मुकाट्यानं आणत होता. मग मी साइट क्लाउडवर हलवली आणि सुरक्षिततेच्या उत्साहात ८० नंबरचा पोर्ट, म्हणजे सर्व्हरचं एक दार, बंद केला. नवं देण्याआधी लेट्स एन्क्रिप्टचा तपासनीस नेमका त्याच दारावर येऊन सर्टबॉटनं लावलेली चिठ्ठी वाचायचा. महिनाभर सर्टबॉट रोज दोनदा लॉग फाइलमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या रोजनिशीत, गळा काढत होता, पण लॉग फाइल कोण उघडतं? पूर्वी मुदत संपत आली की इशाऱ्याची मेल यायची. ती सेवा जून २०२५ मध्ये बंद झाली. बंद करणार हे त्यांनी जानेवारीतच जाहीर केलं होतं. तेही मी वाचलं नव्हतं.

"किती पैसे भरले होते?" अध्यक्षांनी विचारलं.

"फुकट असतं."

"मग बरोबर," ते म्हणाले आणि अग्रलेखाकडे वळले. हे 'मग बरोबर' मला अजून डाचतंय. साइट चालू असताना कोणी 'वा, आज लाल खूण नाही' असं म्हणत नाही. पाच वर्षांत मला त्या टेबलावर एक कप चहा मिळालेला नाही. 

पोर्ट पुन्हा उघडला असता तर दहा मिनिटांत भागलं असतं. पण चारचौघांत अपमान झालेला माणूस साधा उपाय करत नाही. मी ठरवलं, आता डीएनएस चॅलेंजच. मुख्य साइट, ग्रंथसूची, व्याख्यानमाला अशा सगळ्या पोटनावांना पुरणारं एकच वाइल्डकार्ड सर्टिफिकेट घ्यायचं. लेट्स एन्क्रिप्ट ते २०१८ पासून देतं, आणि फक्त याच मार्गानं देतं.

ज्यांना डीएनएस म्हणजे काय हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी: ते इंटरनेटवरच्या नावांचं दप्तर. जुनी पद्धत म्हणजे 'घर तुमचं असेल तर दारावर अमुक चिठ्ठी लावून दाखवा'. डीएनएस चॅलेंज म्हणजे 'घर राहू द्या, तुमच्या सातबाऱ्यावर अमुक ओळ चढवून दाखवा'. जो सातबाऱ्यावर नोंद करू शकतो तो मालक. (आपल्याकडे हे किती खरं आहे यावर वेगळा लेख होईल, आणि तो माझे चुलते लिहितील.) ती ओळ म्हणजे टीएक्सटी रेकॉर्ड. क्लाउडमध्ये झोन, म्हणजे आपल्या नावाचा सातबारा, उघडायचा, सर्टबॉटला तेवढ्याच झोनमध्ये लिहिण्यापुरती परवानगी द्यायची, की तो स्वतःच ओळ चढवतो, तपासणी झाली की स्वतःच पुसतो. तलाठी नाही, फेरफार नाही, चहापाणी नाही.

रविवारी दुपारपर्यंत मी सगळं चोख केलं. ओळ चढत होती, मला दिसत होती, आणि तपासनीस म्हणत होता: अशी नोंद आढळली नाही. पाचदा नापास झाल्यावर काही वेळ तोंडावर दार बंद. तेवढा वेळ डोकं खाजवल्यावर उजेड पडला. मी क्लाउडमध्ये काढलेला सातबारा माझ्यापुरता होता. जग विचारत होतं ते डोमेन, म्हणजे साइटचं नाव, जिथून घेतलं त्या कंपनीच्या दप्तरात. तिथे फक्त एक ओळ हवी होती, एनएस नावाची, म्हणजे मुखत्यारपत्र: 'या नोंदीबाबत काय ते क्लाउडवाल्याला विचारा.' एकदाच द्यायचं, जन्माची कटकट मिटली. फक्त त्या कंपनीच्या खात्यात शिरायचं होतं. खातं २०११ चं. आणि ओटीपी जाणार होता वाचनालयाच्या माजी कार्यवाहांच्या मोबाइलवर.

हे माजी कार्यवाह, म्हणजे काका, वाचनालयासमोरच तिसऱ्या मजल्यावर राहतात. बँकेतून निवृत्त. मी फोन लावला.

"काका, आता तुमच्या मोबाइलवर एक ओटीपी येईल, तेवढा सांगा."

पलीकडे शांतता. मग छत्तीस वर्षं काउंटरमागे मुरलेला आवाज आला, "कोण बोलतंय?"

मी नाव सांगितलं.

"नाव कोणीही सांगेल."

"अहो, गुरुवारी तुमच्याकडे पोहे खाल्ले मी."

"पोहे सगळेच खातात."

"आवाज तरी ओळखता ना?"

"हल्ली आवाजाची नक्कल होते. पेपरात आलंय. तूच आणून दिला होतास तो अंक." जरा थांबून, "म्हणजे तू तूच असलास तर."

"मी वर येतो."

"येऊन काय करशील? ही बाहेरून कुलूप लावून भजनाला गेलीय."

"मग गॅलरीत या, मी खाली उभा राहतो."

"चेहरा नाही दिसत रे इतक्या लांबून. अक्षर दिसतं." आणि इथे काकांना ते सुचलं. "असं कर. दारातल्या सुविचाराच्या फळ्यावर मी सांगतो ते लिही. फळ्याला हात लावायची मुभा फक्त आपल्या माणसांना आहे. तू लिहू शकलास तर तू आमचा. मी गॅलरीतून वाचतो आणि मग ओटीपी सांगतो. लिही, कढीपत्ता ६१."

"कढीपत्ता का?"

"कोणाला सुचणार नाही म्हणून."

मी रस्त्यात उभा राहिलो. या माणसानं आयुष्यात संगणकाला हात लावला तो व्याजाचा दर बघायला. हाच ठराव मार्च २०१९ मध्ये आरएफसी ८५५५ या इंटरनेटच्या नियमपत्रात प्रसिद्ध झाला, त्यात पानंच्या पानं आहेत. काकांनी तो एका वाक्यात बसवला होता, कढीपत्त्यासकट.

पण फळ्याचा ताबा ग्रंथपालबाईंकडे. सुविचार संयमावर होता आणि तो संध्याकाळपर्यंत पुसायचा नाही, असा नियम. बरीच रदबदली होऊन मला उजवा खालचा कोपरा मिळाला. लिहिलं. फोन लावला.

"जुनंच दिसतंय," काका म्हणाले.

"खाली, कोपऱ्यात बघा."

"थांब, हा वाचायचा चष्मा आहे. लांबचा आणतो."

लांबचा चष्मा येईपर्यंत ओटीपी मेला. दुसरा मागवला. काकांना कढीपत्ता दिसला, पण ६१ समोर रिक्षा उभी होती. तिसरा आला तेव्हा सगळं जुळलं, आणि काकांनी 'चार, डबल सात, शून्य' इतकं सांगून विचारलं, "हा सहा आहे की आठ?" मी आठ टाकला. सहा होता. खातं तासाभरासाठी बंद.

तो तास काकांनी मला फोनवरून सोडलं नाही. हे सगळं कशासाठी, ते त्यांना समजून घ्यायचं होतं.

"म्हणजे साइट जिवंत आहे हे दर ९० दिवसांनी सिद्ध करायचं? अरे, मी हयातीचा दाखला वर्षातून एकदा देतो, नोव्हेंबरात. मी ऐंशीला टेकलोय. पैसे भरून पाच वर्षांचं का नाही घेत?"

मी सांगितलं, मिळतच नाही. विकतचं घेतलं तरी २०२० मध्येच कमाल मुदत ३९८ दिवसांवर आली. ब्राउझरवाले आणि सर्टिफिकेटवाले यांनी मिळून ठरवलंय: १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ मध्ये त्याच तारखेपासून १००, आणि २०२९ पासून ४७.

"सत्तेचाळीस!" काकांना खरंच वाईट वाटलं. "पेन्शनरावरसुद्धा सरकार इतका संशय घेत नाही. आणि तेव्हा ओटीपी कोण सांगणार?"

"नाही लागणार काका. आजचा हा एकदाच."

"२०११ मध्येही एकदाच म्हणाले होते."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. बारा वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या कार्यवाहाचा नंबर एकाही समितीनं बदलला नाही. ठराव मात्र दरवर्षी 'संपूर्ण संगणकीकरणा'चा.

तासानं ओटीपी आला. सहा सहाच निघाला. एनएसची ओळ लागली, अर्ध्या तासानं तपासनिसाला नोंद दिसली, रात्री सव्वाआठला सर्टिफिकेट हातात पडलं. समितीच्या ग्रुपवर मी 'झालं' असं टाकलं. दोन मिनिटांत अध्यक्षांनी फोटो पाठवला. चोर होते तिथेच होते. नवं सर्टिफिकेट डिस्कवर येऊन बसलं होतं, पण एन्जिनएक्स, म्हणजे साइट दाखवणारा सर्व्हरवरचा प्रोग्रॅम, जुनंच डोक्यात धरून बसला होता. त्याला रीलोड म्हणावं लागतं. म्हटलं. ही आज्ञा सर्टबॉटच्या डिप्लॉय हुकमध्ये, म्हणजे नवं सर्टिफिकेट आलं की आपोआप करायच्या कामांत, कायमची लिहून ठेवली. लाल खूण गेली. ग्रुपवर कोणी काही बोललं नाही. अध्यक्षांनी शुभ रात्रीचं गुलाबाचं चित्र टाकलं.

साडेनऊला काकांचा फोन.

"फळा पुसलास का?"

नव्हता पुसला. सकाळी गेलो तर दारात ते आजोबा उभे होते, जे गेली कित्येक वर्षं रोजचा सुविचार वहीत उतरवून घेतात. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि वही माझ्यापुढे धरली. तारीख, संयमाचं वाक्य आणि त्याखाली सुवाच्य अक्षरात 'कढीपत्ता ६१'.

"हे कोणत्या संतांचं?" त्यांनी विचारलं.