‘रोग संपला तर दुकान बंद’ म्हणे!

मावशी दरवर्षी काकांच्या श्राद्धाच्या दिवशी कर्करोगाच्या संशोधनासाठी पाच हजारांचा धनादेश पाठवते. या वर्षी तो सही होऊनही देवघराच्या खणात पडून आहे, कारण नात्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेला एक मजकूर तिने वाचला: धर्मादाय संस्था रोगावर इलाज सापडूच देत नाहीत, कारण रोग संपला तर त्यांचे दुकान बंद पडेल, देणग्यांतून आजवर एकही इलाज निघालेला नाही, पैसा पगारात जातो आणि उरलेला मलिदा औषध कंपन्या खातात.

दुकानाचा मुद्दा सर्वांत हास्यास्पद आणि सर्वांत घातकही, म्हणून आधी तोच घेतो. पोलिओमुळे पाय लुळे पडलेले अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९३८ मध्ये या रोगाविरुद्ध एक प्रतिष्ठान स्थापन केले. लोकांनी दहा-दहा सेंटची नाणी थेट व्हाइट हाउसला पाठवावीत, असे आवाहन रेडिओवरून झाले, तेव्हा २६ लाखांहून अधिक नाणी आली आणि त्या पत्रांच्या ढिगात सरकारी टपाल सापडेनासे झाले. शास्त्रज्ञ जोनास साल्क यांच्या पोलिओ लशीवरील कामाला याच प्रतिष्ठानाने पैसा पुरवला. सुमारे १८ लाख मुलांचा सहभाग असलेल्या १९५४ च्या चाचणीचा खर्चही त्यानेच उचलला. १९५२ मध्ये अमेरिकेत पोलिओचे सुमारे ५८ हजार रुग्ण होते. लस आल्यावर, १९५७ मध्ये ते साडेपाच हजारांच्या आसपास उरले. म्हणजे संस्थेने स्वतःच्या हाताने स्वतःचे गिऱ्हाईक घालवले. मग तिने काय केले? १९५८ मध्ये जन्मजात व्यंगांचा प्रश्न हाती घेतला. जगातले रोग संपल्याची बातमी अद्याप कोणी दिलेली नाही, तेव्हा दुकानाची काळजी नसावी.

‘एकही इलाज नाही’ या वाक्याचा निकाल यातच लागला. पगाराविषयी एवढेच, की महाराष्ट्रातील नोंदणीकृत सार्वजनिक न्यासांना तपासलेले हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे द्यावे लागतात; शंका असेल त्याने ते पाहावेत.

कंपन्यांचा मुद्दा मात्र, नाइलाजाने का होईना, अर्धा मान्य करावा लागतो. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगासाठी झटणाऱ्या अमेरिकी प्रतिष्ठानाने एका औषध कंपनीला संशोधनासाठी पैसे दिले, २०१२ मध्ये औषध बाजारात आले, आणि त्याची किंमत वर्षाला सुमारे तीन लाख डॉलर ठेवली गेली. ज्यांच्या आईवडिलांनी वर्गणी गोळा केली, त्याच रुग्णांना हा आकडा ऐकावा लागला. परंतु २०१४ मध्ये त्या प्रतिष्ठानाने रॉयल्टीचे, म्हणजे औषधाच्या विक्रीतील आपल्या वाट्याचे, हक्क ३.३ अब्ज डॉलरना विकले आणि पैसा संस्थेकडेही परत आला, हेही मजकूर लिहिणाऱ्याने सांगायला हवे होते.

मावशी ज्या न्यासाला पैसे देते, त्याचा ताळेबंद मी तिला छापून दिला आहे. धनादेशाची मुदत तीन महिने असते.