क्रमांक आधी, पानं नंतर

वेबवरच्या लेखातल्या चित्रांना आपोआप क्रमांक देण्यासाठी सीएसएस काउंटर (वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएस भाषेतली मोजणीची सोय) सुचवला जातो. एकाच पानाचा लेख असेल तर उत्तम. पण लेख तीन-चार पानांत विभागला की प्रत्येक पान ब्राउझरसाठी स्वतंत्र दस्तऐवज असतं, आणि काउंटर पुन्हा १ पासून सुरू होतो. मग पान ३ वरच्या मजकुरात ‘आकृती ७ पाहा’ असतं आणि चित्राखाली ‘आकृती १’! तळटिपांचं तर याहून वाईट, कारण वाचक संदर्भ शोधतच राहतो.

काउंटर-रिसेटला (काउंटर सुरू करणाऱ्या सीएसएस सूचनेला) सुरुवातीचा आकडा देता येतो, तळटिपांच्या क्रमांकित यादीला त्याचसाठी ‘स्टार्ट’ हा गुणधर्म आहे (वेबपानं लिहिण्याच्या एचटीएमएल भाषेच्या ४ आवृत्तीत तो बाद ठरवला होता, एचटीएमएल ५ ने परत आणला). पण तो आकडा हातानं भरू नका. पान १ वर एक चित्र वाढलं की पुढची सगळी पानं चुकतात. संपूर्ण लेखाचे क्रमांक सर्व्हरवर आधी ठरवावेत, पानं त्यानंतर पाडावीत. आणि चित्राच्या आयडीत (लिंक ज्या खुणेवरून चित्र शोधते तिच्यात) क्रमांक नको, नाव हवं. क्रमांक बदलले तरी इतरांनी दिलेल्या लिंका योग्य चित्रावरच पोचतात.

मराठी आकडे हवे असतील तर काउंटरला ‘देवनागरी’ शैली लावता येते.