चौदा महिन्यांचा चमचा

आज सकाळी कंपोस्टचा ड्रम उपसायला घेतला. खत चाळताना चाळणीत खट्टकन काहीतरी वाजलं. चमचा. लेकीच्या गेल्या वर्षीच्या वाढदिवसाचा, म्हणजे चौदा महिन्यांपूर्वीचा. धुतला तर नवाकोरा. दांड्यावरचं हिरवं पान आणि ‘कंपोस्टेबल’ हा शब्दही जसाच्या तसा. याच ड्रममध्ये केळीच्या साली, चहाचा चोथा, आख्खा नासका भोपळा, सगळं जिरलं. चुकून लेकीचा एक सुती मोजा गेला होता, त्याचंही फक्त इलॅस्टिक उरलंय. हे महाराज मात्र ढिम्म.

राग का आला सांगते. त्या दिवशी मी आठ पोरांना गोळा करून भाषण ठोकलं होतं, की बघा, या चमच्यांची माती होणार. पोरांनी आठही चमचे समारंभपूर्वक पुरले, वर पाणी घातलं. एकाने विचारलं, “काकू, याचं झाड येईल?”

पाकिटाचा फोटो फोनमध्ये सापडला. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलंय: फक्त औद्योगिक कंपोस्टिंगसाठी. म्हणजे घरच्या ड्रममध्ये नाही, मोठ्या प्रकल्पात, जिथे ढीग बराच काळ तापलेला राहतो. चमचा पीएलएचा, म्हणजे पॉलिलॅक्टिक ॲसिडचा. मक्याच्या स्टार्चमधली साखर आंबवून लॅक्टिक ॲसिड करायचं आणि त्याच्या साखळ्या जोडून प्लास्टिक. हो, प्लास्टिकच! मक्यापासून झालं म्हणून त्याचं कणीस होत नाही. युरोपात ईएन १३४३२ नावाचं मानक आहे. त्यात सहा महिन्यांत ९० टक्के विघटन व्हावं लागतं, पण ती चाचणी साधारण ५८ अंशांवर होते. माझ्या ड्रममध्ये ५८ अंश आठवडेच्या आठवडे टिकले तर मी त्यावर आंघोळीचं पाणी तापवेन.

आणि गंमत म्हणजे साठ अंशांच्या आसपास हाच माल मऊ पडतो. मगाशी मुद्दाम गरम चहात घातला, तर वाकला. चहा ढवळायचा नाही आणि मातीही व्हायचं नाही. मग करतोस काय रे बाबा तू?

प्लास्टिकपेक्षा बरा, असं कुणीतरी लिहिणारच. बरं. मक्याचा आहे, खनिज तेलाचा नाही, एवढं मान्य. पण “सगळं कंपोस्टेबल आहे हं” म्हणत यजमान ताटल्या-चमचे एकाच काळ्या पिशवीत कोंबतात आणि ती कचराडेपोत जाते, तेव्हा कसलं कंपोस्ट? उसाच्या चिपाडाची ताटलीसुद्धा तिथे हवेवाचून सडते आणि मिथेन सोडते. वर तेल झिरपू नये म्हणून अशा काही ताटल्यांत पीएफएएस नावाची रसायनं घालत आलेत. ती वर्षानुवर्षं तुटत नाहीत, खतात गेली की मातीत उतरतात.

(चहा गार झाला. थांबा, आणते.)

हं. सगळंच वाईट नाही, जरा चिडूनच बोलले. पोफळीच्या झावळीचा रुंद देठ गळून पडतो, तो धुऊन गरम साच्यात दाबला की ताटली तयार. ना गोंद, ना लेप. तिचे तुकडे करून टाकले होते, तेही खतात दिसेनात. आणि भांडंच खाऊन टाकायचं म्हणाल तर आईस्क्रीमचा कोन! अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या १९०४च्या जागतिक जत्रेपासून जगभर गाजतोय. कुणी भाषण देत नाही, त्यावर हिरवं पान छापत नाही. पोरं खाऊन टाकतात, बास. ज्वारीच्या पिठाचे चमचे मला आवडतात, फक्त सूप भराभर संपवावं लागतं. तेही एकेक प्लास्टिकच्या वेष्टनात आले की डोकं फिरतं. स्वच्छता हवी, कळतं मला. तरी.

लेकीला चमचा दाखवला. ती म्हणाली, “म्हणजे तू आम्हाला खोटं सांगितलंस?” काय बोलणार! वाचलं नव्हतं गं, पान बघितलं आणि घेतलं, एवढंच म्हणाले.

आठ पुरले होते, आत्तापर्यंत तीन सापडलेत. उरलेला ड्रम चाळायला तीच येऊन बसलीये.