‘बोट काढा, चेहरा लावा’ सांगणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

सध्या इंदूरच्या मराठी घरांमध्ये एक फॉरवर्ड फिरतोय. वर लाल दिव्यांची रांग, खाली ‘जनहितार्थ जारी’. कोणी जारी केलं, ते अर्थातच नाही. मजकूर थोडक्यात असा: बोटाच्या ठशाने फोन उघडणं आजच बंद करा. सेल्फीत बोटं दिसली की चोर त्यावरून ठसा उचलतात. फोनमधला ठसा कंपनीकडे जातो आणि तिथून आधारला जोडला जातो. झोपलेल्या, अगदी मेलेल्या माणसाचं बोट लावूनही खाती रिकामी करतात. चेहऱ्याची नक्कल मात्र कोणालाच जमत नाही, म्हणून फेसलॉक शंभर टक्के सुरक्षित. आणि चेहरा एकदा लावला की पिन सोपा ठेवला तरी चालतो.

एरवी मी असलं काही वाचत नाही. हे वाचावं लागलं, कारण लोकमान्य नगरात राहणाऱ्या माझ्या आत्याने ते नुसतं वाचलं नाही, अमलातही आणलं. ठसे काढून टाकले, चेहरा लावला आणि पिन ठेवला १२३४. जिथे पेन्शन जमा होते त्या बँकेचं अ‍ॅप त्याच फोनमध्ये आहे. मी ओरडले तर म्हणाली, “अगं, सगळ्यांनीच केलंय.” सगळे म्हणजे तिची भिशी.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करते, कारण खरा घात तिथे आहे. बोट काय किंवा चेहरा काय, दोन्ही पिनच्या वरची सोय आहेत, पिनच्या जागी आलेली नाहीत. म्हणून तर आधी पिन, पॅटर्न किंवा पासवर्ड ठेवल्याशिवाय फोन दोन्हींपैकी काहीच लावू देत नाही. फोन बंद करून चालू केला की तो पिनच मागतो. चेहरा किंवा बोट पुन्हा पुन्हा चुकलं की पिनच मागतो. म्हणजे चोराला आत्याचं बोटही नको आणि चेहराही नको, त्याला १२३४ पुरे. पुढच्या दाराला भारी कुलूप आणि मागच्या दाराला सुतळी, असा हा प्रकार. एवढंच नाही, पिन हातात आला की बहुतेक फोनांवर सेटिंगमध्ये जाऊन स्वतःचं बोट नोंदवता येतं. मग फोन चोरालाच मालक समजतो.

ही काल्पनिक भीती नाही. गर्दीत मागे उभं राहून पिन पाहायचा आणि मग फोन हिसकायचा, या पद्धतीच्या चोऱ्या अमेरिकेत इतक्या गाजल्या की अ‍ॅपलने जानेवारी २०२४ मध्ये आयफोनला वेगळं संरक्षण दिलं. ते चालू केलं की घराबाहेर नुसत्या पिनवर महत्त्वाच्या सेटिंग बदलता येत नाहीत, चेहरा किंवा बोट लागतंच. छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत संध्याकाळी एका हातात प्लेट आणि दुसऱ्या हाताने पिन टाकणाऱ्यांनी यावर जरा विचार करावा.

आता चेहरा. ‘नक्कल होत नाही’ हे वाक्य ज्याने लिहिलं, त्याने बहुधा आयफोनची जाहिरात पाहिली आणि ती सगळ्या फोनांना चिकटवली. आयफोन चेहऱ्यावर न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशाचे ३० हजारांवर ठिपके टाकतो आणि चेहऱ्याचा उंचसखलपणा मोजतो. परक्या माणसाचा चेहरा चुकून जुळण्याची शक्यता अ‍ॅपल १० लाखांत एक सांगतं, तर बोटाची ५० हजारांत एक. तेव्हा या एका बाबतीत फॉरवर्डवाला बरोबर आहे, मान्य करते, नाइलाजाने. पण जुळी भावंडं, सारखे दिसणारे भाऊबहीण आणि तेरा वर्षांखालची मुलं यांच्या बाबतीत हा आकडा लागू नाही, हेही अ‍ॅपलच सांगतं.

आत्याकडे आयफोन नाही. जेल रोडवरून घेतलेला, खिशाला परवडणारा अँड्रॉइड आहे. अशा बहुतेक फोनांत ना इन्फ्रारेड ना खोली मोजणारं काही, नुसता सेल्फी कॅमेरा. तो सपाट चित्र पाहतो आणि सपाट चित्रालाच ओळख देतो. नेदरलँड्समधल्या कॉन्स्युमेंटनबॉन्ड या ग्राहक संघटनेने ११० फोन तपासून २०१९ मध्ये निकाल जाहीर केला. त्यातले ४२ फोन मालकाचा नुसता फोटो समोर धरल्यावर उघडले. फोटो! आत्याचा फोटो तर तिच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीवरच आहे, नथीसकट.

परदेशातल्या चाचणीवर विश्वास नसेल तर स्वतःचा फोन विचारा. चेहरा नोंदवताना अनेक अँड्रॉइड फोन स्वतःच लिहून दाखवतात की हा प्रकार पिनपेक्षा कमी सुरक्षित आहे आणि तुमच्यासारखा दिसणारा कोणी फोन उघडू शकेल. आपण ते न वाचता ‘पुढे’ दाबतो. दुसरी खूण त्याहून सोपी. गूगलने अँड्रॉइडसाठी बोट-चेहऱ्याच्या तीन श्रेणी केल्या आहेत, किती सहज फसतं त्यानुसार. सर्वात खालच्या श्रेणीतला चेहरा फक्त स्क्रीन उघडतो, अ‍ॅपना त्यावर विसंबण्याची परवानगीच नाही. आत्याच्या बँकेच्या अ‍ॅपने चेहरा घेतलाच नाही, तर तिला वाटलं अ‍ॅप बिघडलं. बिघडलं नव्हतं. तिच्या भिशीपेक्षा अ‍ॅपला जास्त कळत होतं.

बोटाची आरती मी ओवाळत नाहीये. ऑक्टोबर २०१९ मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी एस१० वर काही सिलिकॉनची कव्हरं चढवली की कोणाच्याही बोटाने फोन उघडायचा. कंपनीला दुरुस्ती पाठवावी लागली. आणि वय झालं, भांडी-धुणं आयुष्यभर केलं की ठसे झिजतात, सेन्सर ओळखत नाही, हेही खरं. आत्याचा मूळ वैताग तोच होता. त्यावर उपाय म्हणजे एकच अंगठा दोनदा नोंदवणं, आणि सोबत दुसऱ्या हाताचंही बोट. रंगपंचमीच्या गेरमधून, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीतून, परतल्यावर काहीच चालत नाही, ना चेहरा ना बोट, तेव्हा पिन आहेच.

आधारचा मुद्दा अर्धवट ऐकून लिहिलाय. फोनमधला ठसा फोनच्याच एका बंदिस्त भागात, गणिती रूपात राहतो. अ‍ॅपला फक्त ‘जुळलं’ किंवा ‘नाही जुळलं’ एवढंच कळतं. पण आधारवर ठशांचे घोटाळे झाले आहेत, हे खोटं नाही. जमिनीच्या नोंदणीच्या कागदांवरचे अंगठे उचलून, त्यांचे सिलिकॉनचे साचे करून, आधारने पैसे काढायच्या यंत्रांवर खाती रिकामी केली गेली. त्यात फोनची गरजच पडत नाही. त्यामुळे फोनमधून बोट काढून उपयोग शून्य. उपाय आधारच्या अ‍ॅपमध्ये आहे: बायोमेट्रिक लॉक करून ठेवायचं, लागेल तेव्हा उघडायचं. एवढ्या लांबलचक फॉरवर्डमध्ये ही एक कामाची ओळ मात्र नाही.

सेल्फीतली बोटं: जर्मनीतल्या एका हॅकरने २०१४ मध्ये तिथल्या संरक्षणमंत्र्यांचा ठसा फोटोंवरून तयार केल्याचं दाखवलं होतं. चांगल्या कॅमेऱ्याने, जवळून घेतलेले फोटो होते ते. व्हॉट्सअ‍ॅपने आवळलेला गणपतीतला ग्रुप फोटो नव्हे. शिवाय ठसा मिळाला तरी फोन हातात हवाच. आणि फोन हातात आलाच, तर शेवेच्या तेलाने माखलेल्या त्याच्या काचेवर ठसे आयतेच आहेत.

राहिला मेलेला माणूस. २०१८ मध्ये फ्लोरिडात लार्गोच्या पोलिसांनी अंत्यविधीगृहात जाऊन मृताचं बोट त्याच्या फोनला लावून पाहिलं, उघडला नाही. झोपलेल्याचं बोट मात्र चालतं, आणि साध्या फोनांत झोपलेल्याचा चेहराही चालू शकतो. गूगलचा पिक्सेल ४ तर बाजारात आला तेव्हा मिटल्या डोळ्यांनीही उघडत होता. घरातल्याच कोणाची शंका असेल तर अँड्रॉइडमध्ये पॉवरच्या बटणाच्या मेनूत ‘लॉकडाउन’ मिळतं (काही फोनांत ते आधी सेटिंगमधून चालू करावं लागतं), आणि फेस आयडीवाल्या आयफोनमध्ये बाजूचं आणि आवाजाचं बटण एकत्र दाबून धरायचं. मग पुढच्या वेळी फोन फक्त पिनने उघडतो. तो पिन १२३४ नसला म्हणजे झालं.