धावणाऱ्यांच्या हाडांची चौकशी कोण करणार?

गेल्या दोन वर्षांत माझ्या नडगीच्या हाडाला दोनदा स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने पडणारी बारीक चीर, झाले. दोन्ही वेळा विश्रांती घ्या, बूट बदला, सराव हळूहळू वाढवा, असे सांगण्यात आले आणि ते योग्यच होते; परंतु पाळी नियमित येते का, दिवसभरात किती खाता, वजन मुद्दाम उतरवले आहे का, यांपैकी एकही प्रश्न मला विचारला गेला नाही. 32 वर्षांच्या, सडपातळ, रोज धावणाऱ्या बाईची हाडे कमकुवत असतील अशी शंका कोणालाच आली नाही. मलाही नाही.

व्यायामाने हाडे बळकट होतात हे खरे असले, तरी पडणाऱ्या भाराला साजेसे नवे हाड घडवण्यासाठी शरीराकडे ऊर्जा शिल्लक असावी लागते. खर्चाच्या मानाने खाणे सतत कमी पडू लागले की शरीर काटकसर सुरू करते. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटते, पाळी लांबते किंवा बंद होते, आणि हाड जितके झिजते तितके भरून येत नाही. खेळाडू स्त्रियांमधील या साखळीबद्दल अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने 1997 मध्येच अधिकृत भूमिका मांडली होती. 2014 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने ही संकल्पना विस्तारून पुरुषांनाही तिच्यात घेतले. त्यांच्यातही अपुऱ्या खाण्याने टेस्टोस्टेरॉन खालावते. शिवाय सायकल चालवताना शरीराचा भार खोगीर पेलते, त्यामुळे उत्तम दमसास असलेल्या सायकलपटूंच्या कण्याची घनताही कमी आढळू शकते.

म्हणून सरसकट सर्व तरुणांचे डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारी क्ष-किरण तपासणी, करावे, असे मात्र मला मुळीच वाटत नाही. ऑस्टिओपोरोसिससाठी, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याच्या आजारासाठी, जागतिक आरोग्य संघटनेचा उणे 2.5 टी-स्कोअरचा (निरोगी तरुणांच्या सरासरी घनतेशी तुलना करणाऱ्या आकड्याचा) निकष मुळात रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांसाठी ठरवलेला आहे. तरुणांमध्ये त्याऐवजी समवयस्कांशी तुलना करणारा झेड-स्कोअर पाहतात, आणि तो उणे 2 किंवा त्याखाली असला तरी केवळ त्या आकड्यावरून ऑस्टिओपोरोसिसचे निदान करता येत नाही. हाड झिजले, की मुळात पुरेसे घडलेच नाही, की बांधाच लहान असल्यामुळे आकडा कमी आला, हे एका स्कॅनवरून कळत नाही. विनाकारण घाबरलेला तरुण उड्या मारणे, वजन उचलणे सोडून देईल, तर नुकसानच अधिक.

माझा आग्रह प्रश्नांसाठी आहे. वारंवार स्ट्रेस फ्रॅक्चर, तीन महिन्यांहून अधिक काळ बंद असलेली पाळी, खाण्याचे विकार, दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड्स, सीलिअॅक आजार (गव्हातील ग्लुटेन न सोसल्याने आतड्याला होणारी इजा), यांपैकी काही आढळले की मगच स्कॅनचा विचार व्हावा. गर्भनिरोधक गोळ्यांवर येणारा रक्तस्राव म्हणजे स्वतःची पाळी नव्हे, हेही तपासणाऱ्याने लक्षात घ्यायला हवे, कारण त्या आडोशाला मूळ बिघाड वर्षानुवर्षे लपून राहू शकतो. आणि पाळी थांबणे ही कसून सराव केल्याची खूण आहे, असे मुलींना सांगणाऱ्या प्रशिक्षकांचा मला मनापासून राग येतो. हाडांची बहुतेक पुंजी विशीपर्यंत साठते. नेमक्या त्याच वर्षांत आपण या मुलींच्या फक्त वेळा मोजत असतो.

दुसऱ्या फ्रॅक्चरनंतर एका क्रीडावैद्यक डॉक्टरांनी हे सगळे प्रश्न विचारले, तेव्हा कुठे माझे स्कॅन झाले. कण्याचा झेड-स्कोअर उणे 2.1 आला. त्यांनी हाडांचे औषध लगेच सुरू केले नाही. आधी खाणे वाढवायला, धावणे कमी करायला आणि आठवड्यातून दोनदा वजने उचलायला सांगितले. पाच महिन्यांनी पाळी परत आली.