सूट निवडायचा तर खुर्चीत बसून

इंटरव्ह्यूसाठी सूट घ्यायला आलेला माणूस ट्रायल रूममधून बाहेर आल्यावर काय करतो, ते कधी नीट बघा. आरशासमोर ताठ उभा राहतो, पोट आत ओढतो, जॅकेटची सगळी बटणं लावतो, हात अंगाला चिकटवतो आणि मान जराशी तिरकी करून स्वतःला न्याहाळतो. सोबतचा मित्र फोटो काढतो. सेल्समन 'एकदम परफेक्ट, सर' म्हणतो. झालं, सूट पिशवीत.

आता इंटरव्ह्यूत हा गडी असा ताठ उभा कितीसा राहणार? दारापासून खुर्चीपर्यंत. पुढचा सगळा वेळ तो बसलेला, आणि समोरच्यांना दिसतो तो टेबलाच्या वर जेवढा उरतो तेवढाच. मी बरीच वर्षं टेबलाच्या त्या दुसऱ्या बाजूला बसत आलोय. तिथून जे दिसतं त्यावरून माझं ठाम मत झालंय की इंटरव्ह्यूचा सूट बसून निवडावा. दुकानात खुर्ची मागून घ्यावी. सेल्समन चमकेल, चमकू दे.

बसल्यावर सुटाचं काय होतं? पहिली गंमत कॉलरची. उभं असताना मानेला छान चिकटलेली जॅकेटची कॉलर बसल्याबरोबर मागे हटते, आणि शर्टाची कॉलर आणि जॅकेटची कॉलर यांच्यामध्ये फट पडते. थोडी पडणारच. पण बोट सहज आत जावं एवढी पडत असेल तर जॅकेट तुमच्या पाठीच्या ठेवणीसाठी बेतलेलं नाही. बरेच जण जरा पुढे झुकून बसतात, त्यांना हा त्रास जास्त. समोरून ही फट दिसत नाही असं वाटतं, पण दिसते. खांदे वर सरकतात, गळा आखूड वाटायला लागतो आणि माणूस उगाचच घाबरल्यासारखा दिसतो, बिचारा घाबरलेला नसला तरी.

दुसरी गोष्ट बटणांची. एका रांगेच्या बटणांचं जॅकेट बसताना उघडायचं असतं. हा काही गावंढळपणा नाही, त्याचा कटच तसा असतो. दोन बटणांच्या जॅकेटचं खालचं बटण तर उभं असतानाही लावायचं नसतं, कारण जॅकेटचा खालचा भाग कमरेखाली फाकेल असाच बेतलेला असतो. सगळी बटणं लावून बसलेल्या माणसाच्या पोटावर इंग्रजी एक्ससारख्या चुण्या पडतात आणि लॅपल, म्हणजे छातीवर दुमडलेली कॉलरीखालची पट्टी, फुगून बाहेर येते. म्हणून ट्रायल घेताना बटण उघडून बसा आणि बघा, जॅकेट दोन्ही बाजूंनी सरळ पडतंय की पडद्यासारखं लोंबतंय.

आणि म्हणूनच दोन रांगांच्या बटणांचं, डबल ब्रेस्टेड जॅकेट इंटरव्ह्यूला नको. ते बसल्यावरही लावूनच ठेवावं लागतं, उघडलं तर कापडाचा तो जादा पदर मांडीवर गोळा होतो. कपडा देखणा आहे यात वाद नाही, पण तो सवयीच्या अंगावर शोभतो. तीन पीस सुटाचं उलट आहे. जॅकेट उघडलं तरी आतलं वेस्टकोट शर्ट-टाय जागच्या जागी धरून ठेवतं, त्यामुळे बसलेला माणूस नीटनेटका दिसतो. तरी पहिल्या नोकरीच्या इंटरव्ह्यूला मी तीन पीस सुचवणार नाही. उकडतंही आणि उमेदवार आहे त्यापेक्षा मोठ्या पदाचा दिसतो.

हातांचं बघा. बसल्या बसल्या हात पुढे करा, समोर फाइल धरल्यासारखे. मग हस्तांदोलनासाठी लांबवा. मग परत मांडीवर आणा. हात पुढे गेल्यावर अख्खं जॅकेट वर उचललं जात असेल तर मुंढा, म्हणजे बाही जोडलेली असते ते काखेचं भोक, फार खाली बेतलेला आहे. लोकांना वाटतं मुंढा मोठा म्हणजे हालचाल मोकळी. प्रत्यक्षात काखेजवळ बसणारा, उंच आणि बेताचा मुंढा हाताला जास्त मोकळं ठेवतो, कारण मग हात हलतो तेव्हा फक्त बाही हलते, जॅकेट जागेवर राहतं. तयार सुटांमध्ये मुंढा बहुधा खाली असतो, कारण एकच माप वेगवेगळ्या अंगांना चालवायचं असतं. म्हणून दोनतीन कंपन्यांचं एकाच मापाचं जॅकेट घालून बघावं. माप सारखं असलं तरी मुंढा सारखा नसतो.

खांद्याबद्दल मात्र तडजोड नाही. खांद्याची शिवण खांद्याचं हाड जिथं संपतं तिथं संपली पाहिजे. पलीकडे लोंबत असेल तर वडिलांचा कोट घातल्यासारखं दिसतं, अलीकडे संपत असेल तर बाहीला वरच्या बाजूला खळगा पडतो. बाकी बरंच काही टेलर दुरुस्त करू शकतो, खांदा सहसा नाही. करायचा झाला तर बाही उसवायची, पॅड काढायचं, आतलं कॅनव्हास, म्हणजे छातीला आकार देणारा थर, कापायचं, आणि एवढं करून पूर्वीसारखं बसेल याची खात्री कोणी देत नाही. कमरेला थोडं आत घेणं, पँटची उंची, कंबर, ही रोजची कामं आहेत. सैल करायचं असेल तर आत शिवणीत माया, म्हणजे जादा कापड, किती ठेवलीय ते आधी उलटून बघा. बाही आखूड करणंही सोपं, फक्त मनगटावरची काजं खरी, उघडणारी असतील तर काम खालून होत नाही. बाही खांद्याकडून उचलावी लागते आणि मजुरी वाढते. जॅकेटची लांबी कमी करायला जाऊ नका. खिसे जागचे हलत नाहीत, त्यामुळे सगळं प्रमाण बिघडतं.

बाही किती असावी? शर्टाचा कफ साधारण एक ते दीड सेंटिमीटर बाहेर दिसावा. टेबलावर हात ठेवल्यावर हे फार नजरेत भरतं. बाही तळहातावर आलेली असेल तर उमेदवार बोलता बोलता सारखा ती मागे ओढत राहतो, आणि आपण उत्तराऐवजी बाहीकडे बघत राहतो.

पँटकडे कोणी बघत नाही हे खरं, पण पँट तुमच्याकडे बघत असते! फार खाली बसणारी, मांडीला घट्ट पँट उभं असताना झकास दिसते. तासभर बसून बघा. बक्कल पोटात घुसतं, शर्ट फुगून वर येतो, आणि माणूस खुर्चीत चुळबुळत राहतो. कमरेवर नीट बसणारी आणि मांडीत थोडी सैल पँट घ्या. पुढे एक प्लीट, म्हणजे कमरेजवळ घातलेली घडी, असली तर लाजायचं कारण नाही, बसल्यावर कापडाला पसरायला जागा लागते म्हणूनच तर प्लीट असते. बसल्यावर पँट वर जाते, म्हणून मोजे पोटरीपर्यंतचे.

रंगावर फार वेळ घालवू नका. गडद निळा किंवा कोळशासारखा करडा. काळा का नको, असं मला हमखास विचारलं जातं. काळा सूट मुळात संध्याकाळच्या समारंभांचा आणि शोकप्रसंगांचा. दिवसाच्या उजेडात तो कठोर दिसतो, त्यावर प्रत्येक धूलिकण दिसतो, आणि कापड हलकं असेल तर ट्यूबलाइटखाली लकाकतो. तरी घरात चांगला बसणारा काळा सूट असेल तर तोच घाला. वाईट बसणाऱ्या निळ्यापेक्षा तो कधीही बरा. लग्नात घातलेला चकाकत्या कॉलरीचा मात्र नको, ती टक्सिडोची, म्हणजे संध्याकाळच्या समारंभाच्या खास सुटाची, कॉलर आहे.

व्हिडिओवर इंटरव्ह्यू असेल तर बारीक पट्टे, बारीक चौकटी टाळा. कॅमेऱ्याच्या ठिपक्यांच्या जाळ्याशी त्या रेषांचं जुळत नाही आणि कापडावर लाटा हलताना दिसतात. साटीनसारखी चमकणारी टायही दिव्याखाली पांढरी पडते. आणि पूर्ण पँट घाला. चार्जर निघाला तर उठावं लागतं.

कापडाच्या बाबतीत लेबलवरच्या 'सुपर १२०', 'सुपर १५०' या आकड्यांना भुलू नका. हा आकडा लोकरीचा तंतू किती बारीक आहे ते सांगतो. आंतरराष्ट्रीय लोकर संघटनेच्या नियमानुसार सुपर १०० म्हणजे तंतूची सरासरी जाडी १८.७५ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जास्त नाही, सुपर १२० म्हणजे १७.७५, सुपर १५० म्हणजे १६.२५. आकडा चढेल तसं कापड मऊ होतं, पण नाजूकही होतं, लवकर चुरगळतं आणि लवकर झिजतं. बॅग खांद्याला लावून गर्दीतून प्रवास करत पोहोचणाऱ्या माणसाला सुपर १०० किंवा ११० भरपूर झालं. लोकर परवडत नसेल तर लोकर-पॉलिएस्टरचं मिश्रण चालेल, चमक कमी असलेलं बघून घ्या. निव्वळ पॉलिएस्टरमध्ये घाम अडकतो, आणि इंटरव्ह्यूला घाम तसाही येतोच.

आतली बांधणी हा विषय विक्रेते टाळतात. स्वस्त जॅकेटात छातीचं अस्तर-कापड गोंदाने चिकटवलेलं असतं, त्याला फ्यूज्ड म्हणतात. महागड्यात घोड्याच्या केसांचं कॅनव्हास टाक्यांनी बसवलेलं असतं, ते हळूहळू अंगाचा आकार घेतं. ओळखायचं असेल तर खालच्या काजाच्या आसपास कापडाचे पुढचा आणि मागचा थर चिमटीत धरून वेगळे करून बघा. मध्ये आणखी एक सुटा थर जाणवला तर कॅनव्हास, नाहीतर फ्यूज्ड. आता माझं मत ऐका: इंटरव्ह्यूसाठी फ्यूज्ड पुरतं. वारंवार ड्रायक्लीन आणि कडक इस्त्रीने त्याला पुढे फुगे येऊ शकतात, पण तोवर नोकरी लागलेली असेल. वाचलेले पैसे चांगल्या टेलरला द्या. साध्या सुटावर केलेली नीट दुरुस्ती टेबलापलीकडून दिसते, कॅनव्हास मला तरी कधी दिसलेलं नाही.

इथे कोणीतरी म्हणणारच की ज्ञान बघा, कपडे काय बघता. बरोबर आहे, आणि म्हणूनच पुढचं सांगतो. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना चेहऱ्यांचे फोटो दाखवले, त्यात खांद्यापर्यंतचे कपडे दिसत होते. तोच चेहरा जरा 'श्रीमंत' वाटणाऱ्या कपड्यांत असला की लोक त्याला जास्त कर्तबगार ठरवत. फोटो सेकंदाच्या साधारण आठव्या हिश्शाएवढाच दाखवला तरी हेच. कपड्यांकडे दुर्लक्ष करा असं बजावून सांगितलं, अचूक मत दिलं तर पैसे देऊ म्हटलं, तरी हेच. म्हणजे आम्ही पॅनेलवाले 'आम्ही फक्त गुणवत्ता बघतो' म्हणतो तेव्हा आम्हालाच माहीत नसतं की आम्ही काय बघितलं. हा अन्याय आहे. ज्याच्याकडे पैसे कमी त्याचे मार्क पहिल्या नजरेतच कापले जातात. माझ्या मते, जिथं कामात सूट लागत नाही तिथं कंपन्यांनी बोलावण्याच्या पत्रातच 'सुटाची गरज नाही, साधे फॉर्मल कपडे पुरेत' असं लिहावं. एक ओळ लिहायला काय जातं? तसं लिहिलेलं नसेल तर उमेदवाराने एचआरला सरळ विचारावं. हा प्रश्न विचारला म्हणून कोणाचं नाव कटल्याचं मी बघितलेलं नाही.

नसेलच सूट, तर भाड्याने घ्या, भावाचा घ्या, मित्राचा घ्या, फक्त खांदा जुळतोय ना ते बघा. मात्र एका सुटाचं जॅकेट आणि दुसऱ्याची पँट, दोन्ही 'जवळपास निळे', असं नको. जवळपासचा फरक जास्त खटकतो. त्यापेक्षा निळं ब्लेझर आणि सरळ करडी पँट घाला.

ज्यांचा इंटरव्ह्यू उद्याच आहे त्यांच्यासाठी घाईघाईत. जॅकेटच्या मागच्या चिरेवर फुलीसारखा टाका असतो, तो कापायचा. बाहीवर कंपनीचं लेबल बाहेरून शिवलेलं असेल तर तेही उसवायचं. ही दोन्ही दुकानापर्यंत माल नीट पोहोचावा म्हणून असतात आणि किती जण ती तशीच मिरवत येतात! बाहेरचे खिसे शिवलेले असतील तर तसेच राहू द्या, आकार टिकतो आणि त्यात मोबाईल कोंबायचा मोह होत नाही. पांढऱ्या शर्टाखाली पांढरी बनियन उठून दिसते, फिकट करडी किंवा त्वचेच्या रंगाची कमी दिसते. टायचं टोक पट्ट्याच्या बक्कलपर्यंत. बुटांना आज रात्रीच पॉलिश. पँट लांब होत असेल आणि टेलर बंद झाला असेल तर आतून दुमडून हाताने कच्चे टाके घाला, सेफ्टी पिन नको, ती बसल्यावर चमकते. मग सगळं अंगावर चढवून, बूटसुद्धा, जेवणाच्या टेबलाशी अर्धा तास बसा आणि कोणाला तरी समोर बसवून प्रश्न विचारायला सांगा. जिथं टोचतंय ते आजच कळेल.